खोटा काटा नको

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ वाढलेल्या आम्हा मुलांना गाडीचे सुटे भाग नवे नाहीत. दादाच्या मेटिऑर ३५० ला कंपनीचा टॅकोमीटर येत नाही, म्हणून सुट्टीत आम्ही बाजारातला बसवला. माझे मत ठाम आहे : वायरिंग समजल्याशिवाय याला हात लावू नये.

मीटरच्या वायरी चार. एक अर्थिंगची, दुसरी चावी फिरवल्यावरच मिळणाऱ्या १२ व्होल्टची, तिला फ्यूज हवाच, तिसरी दिव्याची, चौथी इग्निशन कॉइलच्या ऋण टोकाकडून ठिणगीचा सिग्नल आणणारी. खरी गफलत या चौथीत होते. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात ठिणगी काही गाड्यांत दर फेरीला, तर काहींत दोन फेऱ्यांतून एकदा पडते. मीटरची सेटिंग चुकली की काटा दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतो. म्हणून मॅन्युअलमधल्या आयडलिंगच्या आकड्याशी तो ताडून पाहावा.

या इंजिनाची कमाल ताकद ६१०० आरपीएमला मिळते. निम्मा आकडा दाखवणारा काटा तेव्हा जेमतेम ३००० म्हणेल, आणि आपण निर्धास्त राहू. मीटर नसलेला चालक निदान कान उघडे ठेवतो. अहवाल नसण्यापेक्षा चुकीचा अहवाल घातक, हे कॅडेटला वेगळे सांगायला नको.