सुपरमॅन मागावर राबतो

दोस्तांनो, मालेगावचा काडीपैलवान सुपरमॅन बघून हसलात? हसा. पण कुणावर हसताय, तेवढं तपासा.

व्हिडिओ पार्लरवाल्या नासिर शेखनं २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. खर्च ५० हजारांच्या आसपास. घोडे परवडेनात, तर डाकू सायकलींवर बसवले! गावच्याच व्हिडिओ हॉलात लावला, लोक लोटले. मग 'मालेगाव का सुपरमॅन'. नायक शफिक शेख, यंत्रमाग कामगार. हिरव्या पडद्यापुढं टांगून त्याला उडवला.

पांढरपेशे म्हणतात, ही नक्कल. मी म्हणतो, हा कब्जा! जो जगासाठी कापड विणतो, त्यानं एकदा स्वतःच्या अंगावर सुपरमॅनचा झगा चढवला, तर कुणाच्या बापाचं काय गेलं?

२०११ला शफिक कॅन्सरनं गेला. २०२५ला मुंबईच्या बड्या निर्मात्यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' मल्टिप्लेक्सात आणला. आणला, बरं केलं. पण ते तिकीट मागावरच्या माणसाला परवडतं का?

आपल्या पोरांनी सायक्लोस्टाईलवर अंक काढले, प्रकाशकाची वाट पाहिली नाही. तसाच आता कॅमेरा उचला. आपली गोष्ट दुसरा सांगेस्तोवर आपल्यातला एखादा शफिक मेलेला असतो.