काचेचे तावदान
बेन होगन या अमेरिकन गोल्फपटूचे ‘फाइव्ह लेसन्स’ हे 1957 सालचे पुस्तक ज्याने सावकाश वाचले असेल, आणि चेंडूपासून निघून खेळाडूच्या खांद्यांवर टेकलेले तिरपे काचेचे तावदान दाखविणाऱ्या अँथनी रॅव्हिएली यांच्या चित्रावर ज्याची दृष्टी क्षणभर खिळली असेल, त्याला क्लब मागे नेताना हात त्या काचेखालीच राहावेत अशी निराळी ताकीद द्यावी लागत नाही. चलच्चित्रांची योग्यता मी नाकारीत नाही. गोल्फपटू बॉबी जोन्स यांनी 1931 साली वॉर्नर ब्रदर्ससाठी केलेल्या लघुपटांत त्यांचा स्विंग मंदगतीने पाहिला, म्हणजे छापील पानाला कधीच न गवसणारी शरीराची लय डोळ्यांत आपसूक उतरते. परंतु क्लब खाली येताना आधी कंबर वळते आणि हात मागाहून येतात, हा सारा व्यवहार सुमारे पाव सेकंदात उरकतो, आणि त्या वेळी खेळाडूला आतून काय जाणवते, याचा थांग कॅमेऱ्याला मुळीच लागत नाही. तो शब्दांनाच लागतो. तेव्हा लय पडद्यावरून घेणाऱ्यानेही पकडीपुरते पुस्तकच समोर उघडे ठेवावे, आणि डाव्या तर्जनीच्या पेरावरून निघालेला दांडा तळव्याच्या मांसल उंचवट्याखाली नेमका बसतो की नाही, याची बोटागणिक खातरजमा करावी.