सहल निघते, नोंदवही तशीच

हिवाळा लागला की शाळांच्या सहली ठरतात. एसटी भाड्यात सवलत देते, पोरंही हौसेनं निघतात. आपल्याकडे सहल म्हणजे डोंगर, देऊळ नि झोपाळे. धर्माबादहून शेजारच्या बिलोली तालुक्यात सगरोळीला जाऊ म्हटले, तर पहिला सवाल येतो, "तिथं काय बघायचं?"

बघायचे पुष्कळ आहे. सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. नांदेड जिल्ह्यात अशी दोनच केंद्रे, दुसरे पोखर्णीला. त्यांच्या दारावर निसर्ग शिक्षणाची पाटी नसेल. पण शेतकऱ्याच्या पोराला निसर्ग कळायचा तो पिकावरच्या किड्यापासूनच.

धर्माबादचे नाव मिरचीवर चालते. 2021 च्या हंगामात शेजारच्या तेलंगणात आणि आंध्रात मिरचीच्या फुलांवर नव्या जातीचे काळे फुलकिडे उतरले. शिवारेच्या शिवारे बसली. लोकांनी हाती येईल ते औषध मारले. अशा माऱ्यात कीड तगते आणि तिला खाणारे मित्रकिडे आधी मरतात. मावा फस्त करणारी ढालकिड्याची अळी दिसायला ओंगळ असते, म्हणून तिलाच कीड समजून पंप सुरू करणारे आजही कमी नाहीत. मित्र कोण नि शत्रू कोण, हे भिंगातून एकदा पाहिले की फवारणी करताना हात जरा थांबतो. औषधाचे भाव पाहता हा थोडा फायदा नव्हे.

दुसरी बाब पंचायतीची. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही पाहिजे. हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली. चुकणाऱ्या राज्याला महिना दहा लाखांचा भुर्दंड. मग देशभर घाईने वह्या भरल्या गेल्या. घाईत काय लिहिणार? चिंच, लिंब, बाभूळ. ते तर कुठल्याही गावात सापडते! गावरान मिरचीचे बी कुणाच्या घरी राखले आहे, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यातही ओल राहते, हे वहीत हवे.

गोदाकाठच्या गावांना तर आयताच धडा आहे. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार बाभळी बंधाऱ्याची दारे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. दारे खाली आल्यावर पाणी चढते, तेव्हा काठावरचे मासे, पाखरे, गवत कसे बदलते, याची नोंद शाळेतली पोरं सहज ठेवतील. त्यासाठी कुणा तज्ज्ञाची वाट पाहायला नको.

तेव्हा सगरोळीला जायचे तर नुसती पोरं पाठवू नयेत. सोबत ग्रामसेवक, दोन-चार मिरचीवाले आणि बचत गटाच्या बायका असाव्यात. बियाणे राखण्याची माहिती बायकांइतकी कुणालाच नसते. केंद्राला आधी कळवून कामाच्या दिवशी जावे. रानातली रोगट फांदी कागदात गुंडाळून आणि किडे बाटलीत घेऊन जावे; तोंडी वर्णनावरून औषध विचारण्यापेक्षा ते बरे. गावाची नोंदवहीही बरोबर असू द्या. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, तेवढे आधी शोधा म्हणजे झाले.

परत आल्यावर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ही वही वाचून दाखवता येते. तो विषय विषयपत्रिकेत आताच घालून घ्यावा.