नियोजन समितीवर कोण बसणार, हे आत्ताच विचारा

पुणेकरहो,

जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा कालावधी २०२७ला संपतो. नवा आराखडा येईल तेव्हा तुमच्या घरावरून रस्ता दाखवला असेल, नाहीतर शेजारच्या मैदानाचं आरक्षण उठलेलं असेल. तुम्ही हरकत घ्याल. ती ऐकायला नियोजन समिती बसेल, फार तर सात जणांची. ही माणसं कोण, हे नोटीस निघाल्यावर विचारून उपयोग नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम २८ वाचा. तीन सदस्य महापालिकेच्या स्थायी समितीतले. ते चुकले तर पुढच्या निवडणुकीत त्यांना घरी बसवता येतं. उरलेले, जास्तीत जास्त चार, शासनाच्या बाजूने नेमले जातात. त्यांना नगररचनेचं किंवा पर्यावरणाचं विशेष ज्ञान वा अनुभव हवा, एवढीच अट. नावं कोणी सुचवली, नेमलेल्या माणसाचे बांधकाम व्यवसायाशी हितसंबंध आहेत का, हे आधी जाहीर करा असं त्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे.

मागचा अनुभव आठवा. २००७ ते २०२७ या काळाचा प्रारूप आराखडा २०१३मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. समितीत नगरसेवक आणि नेमलेले सदस्य यांचं एकमत झालं नाही, अहवाल वेगवेगळे गेले. मार्च २०१५मध्ये शासनाने आराखडा स्वतःच्या ताब्यात घेतला. मंजुरी मिळाली २०१७मध्ये. वीस वर्षांतली दहा तोवर सरली होती.

दुसऱ्या एका शहरातल्या सुनावणीला मी बसलो होतो. एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन आल्या होत्या. भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून त्या आपला गट नंबर शोधत होत्या. तो सापडेपर्यंत पुढचं नाव पुकारलं गेलं. जाताना त्यांनी मला विचारलं, "ते मधले साहेब कोण रे?" टेबलावर एकही नावाची पाटी नव्हती. मला सांगता आलं नाही.

म्हणून विनंती आहे. सोसायटीची सभा असो, गणेश मंडळाची बैठक असो, की वस्तीतला बचत गट, एक ठराव करा. त्यात शासनाला सांगा: नेमायच्या सदस्यांची नावं, अनुभव आणि हितसंबंध नेमणुकीआधी जाहीर करा. नागरिकांना त्यावर म्हणणं मांडायला मुदत द्या. शहरात ज्याचा प्रकल्प सुरू आहे किंवा जो अशा प्रकल्पाचा सल्लागार आहे, त्याला समितीवर घेऊ नका. आणि वस्त्यांचे प्रश्न जवळून पाहिलेली एक तरी व्यक्ती घ्या. ठराव नगरविकास विभागाला आणि नगररचना संचालकांना पाठवा, एक प्रत आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या.

ठरावाचं पत्र साधं, हाताने लिहिलेलं चालेल. पण पोच घ्या, आणि या महिन्यातच द्या.