भाच्याचा फोन

गेल्या महिन्यात चार वाचकांनी एकच निविदा आमच्याकडे धाडली. खात्याचं नाव छापत नाही. असल्या निविदा सगळ्यांच्या सारख्याच असतात. शेतकऱ्यांच्या ॲपचं मूल्यमापन, आणि देयक निघायला अट एकच: एसयूएसची (सिस्टिम युझेबिलिटी स्केल) सरासरी ८०च्या वर. क्षेत्रभेटींना वेगळा दर नाही. ॲपच्या वापराचे लॉग हवेत तर स्वतंत्र अर्ज करा. परवानगी येईपर्यंत कामाची मुदत संपलेली.

जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये ही दहा विधानांची मोजपट्टी केली. खुद्द त्यांनीच तिला झटपट आणि ओबडधोबड म्हटलं होतं. आपल्या खात्यांनी तिला सातबारा करून टाकलं. पाच विधानं स्तुतीची, पाच तक्रारीची. बांधावर उन्हात बसून कोणी दहाही ठिकाणी एकाच रकान्यात खुणा केल्या, तर रकाना कुठलाही असो, गुण ५०च येतात. मूल्यमापन करणाऱ्यांनो, असे कागद तुम्ही वेगळे काढता का? खरं सांगा.

मागे अशाच एका कामात आम्ही होतो. एका मावशींच्या फॉर्मवर भरघोस गुण होते. लॉगमध्येही त्यांची नोंद झरझर पूर्ण झालेली, कुठे अडखळणं नाही. दोन्ही कागद एकमेकांना दुजोरा देत होते. त्यांच्या घरी गेलो. ‘‘सोपं हाय की,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘भाचा करतो दोन मिनटांत.’’ ॲप त्यांनी हातातही घेतलं नव्हतं. परत येऊन लॉग नव्याने उघडला, तर त्याच एका फोनवरून अर्ध्या आळीच्या नोंदी! मापलं होतं ते भाच्याचं कौशल्य. ही भेट आम्ही पदरच्या पैशाने केली होती.

आणि सगळा दोष साहेबांच्या माथी मारू नका. तुमचे अहवाल आम्ही वाचतो. पहिलं प्रकरण सर्वेक्षण, दुसरं लॉग, तिसरं मुलाखती, वर गुळगुळीत मुखपृष्ठ. मुलाखतीत रडलेला माणूस सर्वेक्षणात समाधानी कसा, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. तीन पद्धती एकत्र शिवल्या म्हणजे एकत्र वापरल्या असं होत नाही.

तेव्हा पुढच्या प्री-बिड बैठकीत नुसता चहा पिऊन येऊ नका. दोन प्रश्न लेखी द्या: दरपत्रकात क्षेत्रभेटींची वेगळी बाब का नाही, आणि लॉग कार्यादेशासोबतच का देत नाही? एकट्या एजन्सीचा प्रश्न फायलीत पडून राहतो. पाच जणींनी विचारला तर शुद्धिपत्रक काढणं भाग पडू शकतं. मिळालेली उत्तरं खात्याचं नाव खोडून आमच्याकडे पाठवा. जशीच्या तशी छापू.