आकडा बघून गोळी नको

“आज बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी घेतली नाही.” बीपीच्या रुग्णांशी बोलताना हे वाक्य हमखास कानावर येतं. त्याच्या जोडीचं वाक्यही ठरलेलं असतं, “परवा एकदम शूट झालं होतं, म्हणून दोन घेतल्या.” असं बोलणारी माणसं निष्काळजी नसतात. त्यांनी पदरचे पैसे घालून मशीन आणलेलं असतं, वहीत तारीखवार आकडे लिहिलेले असतात, ताटात वरून मीठ घेणं सोडलेलं असतं. इतकं करूनही बीपी वर-खाली होत राहतं आणि ती घाबरून जातात. त्या चढउतारातला बराचसा भाग गोळी कमी-जास्त केल्यामुळे आलेला असतो, हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

म्हणून या आठवड्यात मीठ, वजन, ताण यांच्याआधी गोळीबद्दल लिहितो. रोजचा आकडा बघून रोजची गोळी ठरवणं हे माझ्या मते आपल्याकडच्या बीपीच्या उपचारातलं सर्वांत मोठं दुखणं आहे.

रक्तदाब एका जागी थांबत नाही, थांबूही नये. झोपेत तो दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी उतरतो, पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो. जिना चढलात, फोनवर वाद झाला, लघवी तुंबवून बसलात, नुसतं बोलत राहिलात तरी तो वाढतो. थंडीत चढतो, उन्हाळ्यात उतरतो. सकाळी १२८ आणि संध्याकाळी १४४ हे एकाच माणसाचे एकाच दिवशीचे आकडे असू शकतात आणि त्यात भिण्यासारखं काही नसतं. डॉक्टरला हवी असते ती सरासरी. दवाखान्यात १४०/९० च्या पुढे गेलं की वाढलं म्हणतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या सरासरीसाठी ही रेघ १३५/८५ वर आहे. औषध चालू असताना ते किती खाली आणायचं हे वय, मधुमेह, किडनी असं सगळं बघून डॉक्टर ठरवतात. काहींचं बीपी फक्त दवाखान्यात वाढतं. काहींचं उलट, दवाखान्यात नीट आणि घरी वाढलेलं. हे दुसरे जास्त धोक्यात असतात, कारण तपासणीत ते सापडतच नाहीत.

पण सरासरी खरी यायची तर मोजणी खरी हवी. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मिश्री काही नको. लघवीला जाऊन यावं. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवावा की दंड छातीच्या पातळीला येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. बाही वर सरकवून ती दंडात रुतत असेल तर शर्टातून हातच बाहेर काढावा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, तेव्हा मशीन घेताना मोठा पट्टा मागून घ्यावा. मनगटाचं मशीन टाळावं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं आणि दोन्ही आकडे लिहावेत, आवडलेला एकच नव्हे. असं सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी.

सात दिवस झाले की मशीन कपाटात ठेवावं आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच काढावं. दिवसातून दहा वेळा पट्टा बांधणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. आकडा जास्त आला की छाती धडधडते, धडधडीने तो आणखी वाढतो, तो बघून पुन्हा मोजलं जातं. अशा रात्री काढलेली माणसं सकाळी गळून गेलेली असतात. एक गोष्ट मात्र दुर्लक्षू नये. दर वेळी आकडे फार विस्कळीत येत असतील आणि नाडीही अनियमित लागत असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. हृदयाचा ताल बिघडलेला असला तर घरचं मशीन चकतं, आणि त्या बिघाडाचा उपचार वेगळा आहे.

आता गोळी शरीरात काय करते ते पाहू. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अॅम्लोडिपिन घ्या. तिचा अर्धा अंश शरीरातून जायला ३० ते ५० तास लागतात. रोज एक घेत राहिलं की आठवड्याभरात तिचा पूर्ण जोर दिसतो. म्हणजे आज घेतलेली गोळी आजच्या आकड्यासाठी नसते, ती या आठवड्याच्या सरासरीसाठी असते. ती बंद केल्यावर एक-दोन दिवस बीपी नीटच राहतं, कारण आधीच्या गोळ्या अजून काम करत असतात. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवायही चालतंय. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा चढतो. मग तो घाबरून दोन घेतो, तासाभराने पुन्हा मोजतो, फारसा फरक दिसत नाही, म्हणून कुणीतरी सुचवलेली तिसरीच गोळी घेतो. दोन दिवसांनी पाय सुजतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि सगळा दोष औषधावर जातो. “मला ही गोळी सोसत नाही.” औषध पुन्हा बंद.

सगळ्या गोळ्या अॅम्लोडिपिनसारख्या सावकाश उतरतही नाहीत. क्लोनिडिन अचानक थांबवली तर बीपी आधीपेक्षाही वर उसळू शकतं. अॅटेनोलोल, मेटोप्रोलोल या हृदयविकारातही दिल्या जाणाऱ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून कोणतीही गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरला विचारून, टप्प्याटप्प्याने.

चढउतार सोडून देण्यासारखा असतो असं मला म्हणायचं नाही. ऑक्सफर्डचे मेंदूविकारतज्ज्ञ पीटर रॉथवेल यांनी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की, ज्यांचं बीपी एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत खूप हलतं त्यांना पक्षाघाताचा धोका जास्त असतो. हलणारं बीपी खरंच वाईट. पण त्यावरचा इलाज गोळी हलवणं हा नाही. रोज, ठरल्या वेळी, तेवढीच गोळी. सकाळी की रात्री, यावरून घराघरांत वाद होतात. ब्रिटनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींत फरक आढळला नाही. जी वेळ चुकणार नाही ती आपली.

एक जुनी सवय अजून गेलेली नाही. बीपी वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरायची. आकडा झपाट्याने उतरतो म्हणून सगळ्यांना बरं वाटतं. पण तो इतक्या बेभरवशाने उतरतो की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून पक्षाघात किंवा झटका येऊ शकतो. हा प्रकार थांबवावा असं वैद्यकीय नियतकालिकांत १९९६ सालीच बजावून झालं आहे. घरात अशी कॅप्सूल ‘असू द्यावी’ म्हणून ठेवलेली असेल तर ती काढून टाका.

मग एकदम वाढलं तर करायचं काय? १८०/१२० च्या वर आकडा आला आणि त्यासोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, दिसेनासं होणं, भ्रम होणं यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा, घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका. यातलं काहीच नसेल तर शांत बसून काही मिनिटांनी पुन्हा मोजा. राहिलेली गोळी असेल तर ती घ्या, दुप्पट नको. तरीही तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा.

“एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर” ही भीती मी समजू शकतो. पण बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. आजार टिकून असतो म्हणून औषध टिकून असतं. आणि हे औषध मिळणं किती नवं आहे, हे आपण विसरलो आहोत. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचं बीपी ३००/१९० होतं. जगातल्या सर्वांत बलवान देशाच्या प्रमुखाला देण्याजोगी धड एक गोळी तेव्हा नव्हती. चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन केलेला अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं, तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. ‘काहीतरी झाडपाल्याचं द्या’ म्हणणाऱ्यांना मला हे मुद्दाम सांगायचं आहे. सर्पगंधा झाडपाल्याचीच होती. मात्र वकिलांनी ती ठरल्या मात्रेत दिली, बीपी मोजलं, परिणाम नोंदले. पुढे रेसर्पिनने काही रुग्णांना नैराश्य येतं असंही दिसलं, अधिक चांगल्या गोळ्या आल्या आणि ती मागे पडली. शेजारच्याने सांगितलेल्या रसाची अशी मोजदाद कुणी केलेली असते का?

याच केईएममधून १९६९ साली डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण ४७. बऱ्याच जणांचं बीपी उतरलं, काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली, सगळ्यांना मात्र उपयोग झाला नाही. अभ्यास लहान होता, पण त्यातली दिशा मला आजही पटते. शवासन गोळीच्या जोडीने करायचं आणि गोळी कमी करायची ती बीपी मोजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली. चालणं, वजन, दारू यांनाही हेच लागू. वजन किलोभर उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. पाच-सात किलो उतरवणाऱ्याला एखादी गोळी कमी होण्याची आशा धरता येते.

मिठाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, तरी ते कुठून येतं हे दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. आमटीतलं मीठ मोजणाऱ्या घरात लोणचं, पापड, सांडगी मिरची, सुकट, फरसाण, पाव, बिस्किटं मोजली जात नाहीत. उपासाचं सैंधव चालतं असा समज आहे. तेही बहुतांशी सोडियम क्लोराईडच. काही सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं मीठ मात्र खरंच उपयोगी आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत ते वापरून पाहिलं तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं, असा २०२१ चा अभ्यास सांगतो. पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर पोटॅशियम वाढण्याचा धोका आहे, म्हणून ते विचारल्याशिवाय आणू नये.

बीपी नीट असलेली माणसं अचानक बिघडतात तेव्हा मी आधी विचारतो, गुडघ्यासाठी काय घेता? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन रोज घेतलं की बीपी चढतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी चढतं. खोकल्यासाठी दिवसरात्र ज्येष्ठमध चघळल्यानेही चढतं, शिवाय पोटॅशियम उतरतं. आणि रात्री मोठ्याने घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाचं बीपी तीन गोळ्यांनीही ऐकत नसेल तर त्याच्या झोपेतला श्वास तपासायला हवा.

वयस्कर मंडळींचं बीपी उभं राहूनही मोजून घ्यावं. बसून १५० आणि उभं राहिल्यावर १२० अशा आजीला गोळी वाढवून दिली तर ती न्हाणीघरात पडेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी चक्कर येऊ लागली तर लगेच डॉक्टरला दाखवावं. निर्जळी उपासाचा बेत असेल तर तो आधी सांगावा. गोळी गुपचूप सोडू नये.

गोळी चुकते ती नेहमी माणसाच्या चुकीने नव्हे. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्याकडचे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या फेरीत होते. ठरावीक साध्या गोळ्या, महिन्याभराचं औषध एकदम आणि न आलेल्याचा पाठपुरावा, एवढ्यावर तो उभा राहिला. हे बरोबर आहे. पण दसऱ्यानंतर बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाच-सहा महिने फडावर राहतात. त्यांच्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात आणि ती माणसं दोनशे किलोमीटरवर. टोळी निघण्याआधी प्रत्येकाचं बीपी मोजावं, निदान दोन महिन्यांच्या गोळ्या आणि नोंदीचं कार्ड हातात द्यावं, आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राने ते कार्ड बघून पुढच्या गोळ्या विनाप्रश्न द्याव्यात, अशी माझी सार्वजनिक आरोग्य विभागाला विनंती आहे. गळीत हंगामाच्या आधी हे करता येईल.