रुमालाखालचा कौल नको!



अडत्या आणि व्यापारी यांनी रुमालाखाली बोटे दाबून केलेला सौदा आपण पाहिला आहे. भाव दोघांनाच ठाऊक. ज्याचा माल तो तोंडाकडे बघत उभा. म्हणूनच आपण उघड लिलावासाठी भांडलो. तोच रुमाल आता मतदारावर पडला आहे. त्याचे नाव इंटरनेटवरची राजकीय जाहिरात.

निवडणुकीतला कौल पाच वर्षांनी फिरवता येतो. सार्वमताचे तसे नाही. एका 'हो' किंवा 'नाही'वर पिढ्यांचे भवितव्य ठरते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही याचा कौल दिला. प्रचार कडवा झाला. पण सभांतून आणि वृत्तपत्रांतून झाला. एक बोलला ते दुसऱ्याने ऐकले आणि जागच्या जागी उत्तर दिले. सत्तेचा दाब नको म्हणून बांदोडकरांचे सरकार त्याआधीच पायउतार झाले होते.

आता ब्रिटन पाहा. २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघ सोडण्याचा कौल ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी लागला. संघ सोडा म्हणणाऱ्या 'व्होट लीव्ह'ला खर्चाची मर्यादा होती ७० लाख पौंड. तिने 'बीलीव्ह' या तरुणांच्या गटाच्या नावाने पावणेसात लाख पौंड कॅनडातल्या एका जाहिरात कंपनीला पोचवले. हा खर्च एकत्रच होता, मर्यादा मोडली, असे निवडणूक आयोगाने ठरवले आणि दंड केला ६१ हजार पौंड. कधी? जुलै २०१८ मध्ये! त्या जाहिराती जनतेसमोर आल्या त्याही त्याच महिन्यात, संसदेच्या समितीने त्या प्रसिद्ध केल्या तेव्हा. तोवर ज्याच्या फोनवर जाहिरात आली त्यानेच ती पाहिली. शेजाऱ्याला पत्ता नाही. मग खोट्याला उत्तर द्यायचे कोणी आणि कोणाला? पीक गेल्यावर पंचनामा म्हणतात तो हाच.

आयर्लंडमध्ये २५ मे २०१८ रोजी गर्भपातबंदीच्या कलमावर सार्वमत झाले. तिथे टीव्ही-रेडिओवर राजकीय जाहिरातीला मनाई होती. इंटरनेट मात्र मोकाट. मतदानाला तीन आठवडेही उरले नव्हते तेव्हा फेसबुकने परदेशी जाहिराती बंद केल्या, गुगलने या विषयावरच्या सगळ्याच. मोठे उपकार! पण हे ठरवणार कोण? मतदारांनी निवडलेली संसद, की कंपनीची कचेरी?

युरोपीय संघाचा नवा कायदा १० ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला. निवडणूक असो वा सार्वमत, जाहिरातीवर पैसे देणाऱ्याचे नाव आणि रक्कम हवी, कोणाला हेरून ती दाखवली तेही सांगायला हवे. गुगल आणि फेसबुकची मालक मेटा या कंपन्यांनी काय केले? नियम पाळता येण्याजोगे नाहीत म्हणून युरोपात राजकीय जाहिराती घेणेच थांबवले. काटा दाखवा म्हटले की दुकान बंद!

कोणी म्हणेल, ही विचारस्वातंत्र्यावर गदा आहे. आम्हालाही सरकारी परवान्यांचे प्रेम नाही. कोणी काय बोलावे हे सरकारने ठरवू नये, हेच आम्ही म्हणतो. पण बुरखा घालून, पैसे मोजून कानात कुजबुजणे म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे. बोलायचे ते बोला. नाव सांगून बोला, सर्वांना ऐकू जाईल असे बोला.

म्हणून जिथे जिथे सार्वमत होईल तिथे चार गोष्टी कायद्याने हव्यात. जाहिरातीवर पैसे देणाऱ्याचे नाव. प्रत्येक जाहिरात मतदानाआधीच सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही. देशाबाहेरच्या पैशाला बंदी. आणि मर्यादा मोडणाऱ्याला, मोडल्याचा पश्चात्ताप व्हावा असा दंड.

माल आपला, मत आपले. बोली चव्हाट्यावरच झाली पाहिजे!